सुपातले खडे

मी लिहिणे म्हणजे धाडसच, माफ करा. पण आज मेसच्या भातात दाताखाली खडा आला आणि दुष्काळातली उन्हाळी सुट्टी आठवली. मुंगसाच्या भीतीने आईने कोंबड्या सारवलेल्या घरात डालग्याखाली कोंडल्या होत्या. रेशनची ज्वारी खाऊन त्यांतल्या तांबडीच्या गळ्याखालची पिशवी घट्ट झाली, ती मान टाकू लागली. कोंबडीच्या पोटात खडेच दाणे दळतात, हे मी वाचले होते; सारवलेल्या भुईवर ते तिला कुठून मिळणार, म्हणून खडे घालायला सांगितले. "जल्मभर दाण्यातलं खडं येचलं, अन् तू घालाया सांगतो व्हय? कालेजात हेच शिकिवत्यात?" आई म्हणाली. मी हटलो नाही. खडी फोडायच्या कामावरची बारीक कच चाळून, धुऊन रोज तांबडीपुढे ठेवत राहिलो, पण गुण येण्याआधीच सुट्टी संपली. महिन्याने होस्टेलवर आईने शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले कार्ड आले: "तांबडी अंड्यावर आली. सुपातलं खडं आता टाकीत न्हाई, तिला ठिवते."