तीन ओळींची खिडकी

केजला एसटी स्टँडामागे माझं डीटीपीचं दुकान होतं, तेव्हा गावात कॉम्प्युटर मोजकेच. माणसं चपला बाहेर काढून आत यायची, त्यामुळे आपण कुणीतरी आहोत असा माझा समज झाला होता. लग्नपत्रिकेचा मजकूर टाकायला पडद्यावर एक चौकट उघडायची, पोस्टकार्डापेक्षा लहान. एका वेळी तीनच ओळी दिसायच्या. कोपरा धरून ओढा, नाहीतर नवस बोला, ती वाढायची नाही. आणि आमच्याकडच्या पत्रिकेत नावं चाळीस! दाराच्या फटीतून वरात मोजल्यासारखं व्हायचं.

एक किराणा दुकानदार काका थोरल्या मुलीच्या पत्रिकेची चिठ्ठी घेऊन आले. सगळ्यात वर मुलीच्या गेवराईच्या मामाचं नाव, त्याखाली दोन रेघा.

"ह्ये आदी घाला. एकच मामा हाय, लई मानी माणूस."

सगळी नावं टाइप झाली. मग काकांना आठवलं, मामाच्या खालच्या ओळीतल्या चुलत्याच्या नावापुढे 'माजी सरपंच' लावायचं राहिलं. मी चुलत्याची ओळ निवडली आणि नव्यानं लिहिली. निवड चौकटीच्या वर, नजरेआडच्या ओळीपर्यंत गेली होती, ते मला दिसलंच नाही. सरपंच आले, मामा गेले.

"खिडकी मोठी करा की जरा," काका डोळे बारीक करत म्हणाले.

"होत नाही, काका."

"मग ऱ्हाऊ द्या. तुमी केलंय म्हंजी बरोबरच आसंल."

छापायला देण्याआधी कागदावर प्रत काढून गिऱ्हाइकाला वाचायला द्यायची, हा नियम मीच भिंतीवर लावला होता. त्या दिवशी प्रिंटर कुरकुरत होता, आणि मी त्याच्याहून आळशी.

पत्रिका वाटून झाल्यावर काका परत आले. चपला काढायचं विसरले होते.

"मामाचं नाव कावून न्हाई? त्यो म्हनतोय, मांडवात नवरीमागं दुसरा कुनी हुबा करा. आता माझ्या लेकीमागं कोन हुबं ऱ्हाईल? माझी चिठ्ठी कुठंय?"

चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी गुडघ्यानं ड्रॉवर लोटला.

"टाकून दिली, काका. पण चिठ्ठीतलं सगळं मी घातलंय. तुम्हीही बघितलं होतंत की."

त्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. "मंग मीच इसरलो आसन," म्हणाले, आणि तसेच गेवराईच्या गाडीत बसले.

मामा आला. नवरीमागे उभाही राहिला. मी जेवायला गेलो होतो, निर्लज्जपणे दोनदा बुंदी घेतली. काका भर मांडवात मेव्हण्यापुढे हात जोडत होते, "माझंच ध्यान ऱ्हायलं न्हाई." तिसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा मी पानावर हात आडवा धरला.

चार वर्षांनी ते धाकटीची चिठ्ठी घेऊन आले. चौकट तेवढीच होती. "मामाचं नाव बघा बरं का. मागच्या बारीला मी इसरलो. तवापासून माझा मलाच भरवसा न्हाई."

सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हणालो, "प्रिंट काढून देतो, काका. सावकाश वाचा."

त्यांनी ती प्रत बोट ठेवून तीनदा वाचली. जुनी चिठ्ठी, दोन रेघांसकट, माझ्या गुडघ्याशी ड्रॉवरमध्येच होती.