पुलाखालचं क्लॅरिनेट

मिहीर माझा मित्र. विस्मृतीत गेलेल्या कॅसेटी शोधून तो नव्याने प्रकाशित करतो. भंगारवाल्याकडे मिळालेली एक कॅसेट त्याने मला ऐकवली आणि मी चहा अर्धा सोडला. क्लॅरिनेट, पण लग्नातलं नाही. एकच सूर लांबवर ताणलेला, वरून ट्रकांची धडधड आणि सगळं घुमणारं. वेष्टनावर पेनने एवढंच लिहिलेलं : ‘बबन मास्तर, रोहा’. मास्तरांची परवानगी हवी होती. शनिवारी पहाटे ठाण्याहून गाडी काढली.

पेणला नाश्त्याला थांबा. पोह्याचे पापडही घ्या, पण परतताना, नाहीतर गाडीत चुरा होतो. तिथल्या एका बँडवाल्याला मिहीरने विचारलं.

“बबन? क्लारनेटवाला? व्हय, हाय की! रोह्याजवळ वरशाला लेकीकडे असतो. पण आता वाजवीत नाय.”

वडखळ, नागोठणे करत रोह्याला पोचलो. वडखळजवळ वाहतूक तुंबते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. जेवण नदीअलीकडच्या अष्टमी गावात केलं : सुरमई, तांदळाची भाकरी, दोघांचं पाचशेत. मग कुंडलिका नदी ओलांडून वरसे.

दार मास्तरांच्या लेकीने, रेखाताईंनी उघडलं. आम्ही आमच्या येण्याचं कारण सांगितलं तर त्या हसल्याच. “बाबांची कॅसेट? आमच्या बाबांची?”

मास्तर खुर्चीत बसले होते, सडपातळ, पांढरी बंडी. मिहीरने स्पीकर लावला. पहिला सूर आला तसे ते पुढे सरकले.

“पुलाखाली बसून वाजवलंय,” ते म्हणाले. “लग्नसराई संपली की तिथंच बसायचो. वरून ट्रक जायचे, ते माझे ढोल. लोक म्हणायचे, मास्तर बिघडला.”

“हे पुन्हा काढू का?” मिहीरने विचारलं.

“काढा. पण हा माणूस आता नाय. दात गेले, वाजवणं गेलं.”

“कवळी आहे ना बाबा!”

“कवळीनं भाकरी खातात गो, सूर नाय काढत.”

तरी रेखाताईंनी कपाटावरची वाद्याची पेटी काढली. मास्तरांनी क्लॅरिनेटचे तुकडे जोडले, खूप वेळ पुसले, कवळी बसवली आणि फुंकर मारली. बदक ओरडावं तसा आवाज! शेजारच्या बाई धावत आल्या. “काय झालं गो रेखा?” मास्तर इतके हसले की कवळीच हातात आली. मग आम्ही सगळेच. ती पुन्हा बसवून त्यांनी परत फुंकलं. या वेळी आवाज थरथरला, फाटला, पण क्षणभर सूर लागला. हसता हसता रेखाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

घरी येऊन आठवडा झाला. पापड संपलेत. मिहीर जुनी कॅसेट साफ करतोय. मी मात्र अजून त्या खोलीतच आहे. आपलं काम संपलं असं ठरवलेल्या माणसाला पुन्हा शिकताना पाहणं, हे कुठल्याच प्रवासात मला मिळालं नव्हतं.

काल रेखाताईंनी मोबाईलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. एकच सूर, लांब, कुठेही न फाटलेला. तो चालतोच आहे, चालतोच आहे, आणि मागून त्यांचा आवाज : “अहो बाबा, श्वास घ्या आता!”