फिजोआवर चाललेलं लॉनमोअर

लोकांची वीज कुठे वाया जाते ते शोधून सांगणं हा माझा व्यवसाय आहे, आणि या कामात मी हुशार समजला जातो.

२०१६ सालची गोष्ट. आई गेली आणि मी बाबांना पुण्याहून इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थला घेऊन आलो. बाबांनी उभं आयुष्य साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून काढलं. इथे मात्र 'हो', 'नको' आणि 'झोपतो' एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी सात महिने ढकलले. (बायको, मंजिरी, म्हणाली की तू तरी कुठे जास्त बोलतोस.)

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परसात फिजोआंचा खच पडला. फिजोआ म्हणजे पेरूचा इथला चुलतभाऊ. आम्ही शेजाऱ्यांना वाटले, तर त्यांनी त्यांचे आम्हाला वाटले! मग मला सुचलं, या कुजक्या फळांचं इथेनॉल करायचं आणि त्यावर लॉनमोअर चालवायचं. फळं निमित्त, मला बाबांना बोलतं करायचं होतं. इथे घरी दारू गाळायला कायद्याची हरकत नाही. (पुण्यात शेजारच्या काकांनी आधी पोलीस आणले असते, मग स्वतःचा ग्लास.)

गॅरेजात ड्रम मांडला, फळं ठेचली, यीस्ट घातलं. आणि बघतो तर काय, बाबा रोज जेवल्यावर गॅरेजात जात होते! मी हरखून गेलो. मंजिरी म्हणाली, ते आल्यापासूनच जातात. तिला विज्ञानाची आवड नाही, असं म्हणून मी विषय संपवला.

रसात साखर कमी पडत होती, म्हणून शनिवारी मी गॅरेजातला जुना फ्रिज रिकामा केला. घट्ट झालेला मध, अर्धवट जॅम, तळाला काहीतरी चिकटलेल्या बरण्या, सगळं खरवडून ड्रममध्ये. त्यानंतर आठवडाभर बाबा गॅरेजकडे फिरकले नाहीत. आंबताना ड्रम हलवायचा नसतो हे केमिस्टला ठाऊक असणारच, असं मी समजलो.

पुढच्या रविवारी दिवसभर विजेच्या शेगडीवर गाळलं. एक बाटलीसुद्धा भरली नाही. मोअर धूर सोडत अकरा मिनिटं चाललं, अर्धं लॉन कापलं आणि बंद पडलं. बाबा दारात उभे होते.

"वीज किती लागली?" त्यांनी विचारलं. मी मीटरचा आकडा सांगितला.

"म्हणजे घातलीस तिच्या पावपटही ऊर्जा हाती आली नाही. आम्ही निदान उसाची चिपाडं जाळायचो."

सात महिन्यांनी बाबा मला रागावत होते. मला इतका आनंद झाला, की फ्रिजमधल्या बरण्यांची युक्तीही मी मोठ्या तोऱ्यात सांगितली.

बाबांनी विचारलं, "पिवळ्या झाकणाचीसुद्धा?"

"हो. तळाशी थोडंसं होतं काहीतरी."

"तुझ्या आईने केलेला फिजोआचा साखरांबा. गेल्या वर्षी इथे आली होती तेव्हाचा. तुम्ही डाएटवर होतात, तसाच राहिला होता." बाबा लॉनकडे बघत म्हणाले, "रोज अर्धा चमचा घ्यायचो. सात महिने पुरवला. मला वाटलं, मंजिरीने संपवला."

मला तिथेच रडू कोसळलं. बाबा आत गेले आणि झोपले.

सोमवारी सकाळी एका दूध कारखान्याला भेट होती. तुम्ही ऊर्जेची किती उधळपट्टी करता, हे त्यांना मी समजावून सांगायचं होतं. मी आजारी असल्याचं कळवून टाकलं.