खाली घेतलेला माणूस

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मंचरच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. पुण्याच्या हॉस्पिटलांनी "आता घरी न्या" म्हणून परत पाठवलेल्या पेशंटना घरी जाऊन बघायचं आमच्या डॉक्टरांनी ठरवलं, आणि गोळ्यांची, ड्रेसिंगची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. बरं करायचं नव्हतंच. दुखणं कमी ठेवायचं आणि घरच्यांना धीर द्यायचा. धीर द्यायला बसावं लागतं, तिथंच माझी गाडी अडायची.

डिंभ्याला धरणाकाठी एक गृहस्थ होते. भाताची दोन खाचरं आणि धरणातली मासेमारी, यावर घर चालायचं. अन्ननलिकेचा कॅन्सर. बायको कमी बोलणारी, कामाला वाघीण. शेजारीच थोरला भाऊ राहायचा, घरातला शब्द त्याचा. खाट खिडकीशी होती, पडल्या पडल्या पाणी दिसायचं. माणूस भलताच मिश्कील. मी नाडी बघायला लागले की म्हणायचा, "बघा सिस्टर, अजून चालू हाय का मशीन."

एका मंगळवारी गेले तर हातपाय गार, घशात घरघर. बायकोनं दाराशी गाठून विचारलं, "किती टाइम हाय?" माझं अर्धं लक्ष बाहेर. परतीची एसटी यायची वेळ झाली होती, ती चुकली तर दोन-दोन तास दुसरी नाही. मी चपला घालता घालता सांगून टाकलं, "आजचाच दिवस. संध्याकाळ नाही होणार." आणि निघाले.

त्या घरात माणूस जायच्या आधी त्याला खाटेवरून उचलून जमिनीवर घेतात. खाटेवर जीव गेला तर गती मिळत नाही म्हणतात, आणि घरच्या बाईला जन्मभर ऐकावं लागतं. त्यांनी माझ्या शब्दावर जमीन सारवली, त्याला खाली घेतलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं. पारगावला दिलेल्या मुलीला बोलावणं गेलं.

शुक्रवारी मी सांत्वनाला म्हणून गेले. तर हा बाबा गोधडीवर पडून चमच्यानं चहा घेतोय. मला बघून म्हणाला, "या सिस्टर. तुमी टाइम दिला व्हता, पन आमचीच एसटी चुकली."

मुलगी हसता हसता रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात गेले तरी तो जमिनीवरच. पाठीला ओल लागत होती, कमरेला जखम धरायला लागली होती. मी भावाला म्हटलं, वर घ्या त्यांना. तो म्हणाला, "एकदा खाली घेतलेला मानूस परत वर घेत न्हाईत. लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, "चूक तुमची, पन घर आमचं."

ड्रेसिंग करताना पेशंट हळूच बोलला. थट्टा नव्हती. "दहा दिस झाले, नुसते लोकांचे पाय बघतोय. तुमी म्हनलं म्हनून खाली घेतलं. आता तुमीच वर घ्या."

माझं डोकंच फिरलं. भावावर की स्वतःवर, ते तेव्हा कळलं नाही. मी उठून त्याच्या खांद्याखाली हात घातला आणि बायकोला म्हटलं, "धरा पाय." तिनं एकदा दिराकडं बघितलं आणि धरले. भाऊ दारातून म्हणाला, "उद्या खाटंवरच गेला तर गावाला तोंड कुनी द्यायचं? हिनंच न्हवं?" मी फाडकन बोलले, "मी येईन. वेळेवर सांगीन, मग घ्या खाली."

पुन्हा तेच. जे आपल्या हातात नाही, त्याचा शब्द देऊन बसले.

मग माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आठवड्यातून दोनदाच्या ऐवजी मी एक दिवसाआड जायला लागले. घरी दूध उतू जायचं, भाजीला दोनदा मीठ पडायचं. तो मात्र खिडकीतून पाणी बघत खुशीत असायचा.

आणि एका सकाळी एसटी घोडेगावच्या अलीकडं बंद पडली. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते, कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमी चालून गाडी चालू व्हनार न्हाई." शेवटी दुधाच्या टेम्पोनं पोचले तेव्हा दुपार झाली होती. दाराशी चपलांचा ढीग. तो जमिनीवर होता, खाट अंगणात उभी करून ठेवलेली.

बायकोनं मला हातपाय धुवायच्या निमित्तानं घरामागं नेलं. पाणी ओतता ओतता म्हणाली, "मला कळलं व्हतं सकाळीच. थोरल्या भाऊजींना हाक मारनार व्हते, तर ह्यांनी हात धरला. पान्याकडं बघत व्हते. मी न्हाई मारली हाक. गेल्यावर एकटीनं खाली घेतलं. लई हलके झाले व्हते." मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आता तुमच्या हातात हाय."

पुढं आले तर भावानं चारचौघांत विचारलं, "सिस्टर, येळेवर घेतला ना खाली?"

मी तिथं नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं. तरी म्हटलं, "हो. श्वास कसा बदलतो ते मी वहिनींना शिकवलं होतं. त्यांनी बरोबर ओळखलं." त्यानं मान हलवली आणि तो विषय संपला. त्या खोट्याचं मला आजही काही वाटत नाही.

दहाव्यानंतर पुन्हा गेले. ती रिकाम्या खिडकीशी तांदूळ निवडत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "मी त्यांची गती अडवली का वो?"

नाही म्हणायला माझी जीभ उचललीच होती. आवरली. "मला माहीत नाही," म्हटलं, आणि तिच्याजवळ बसून सुपातले खडे काढायला लागले. ती रडायला लागली, चांगली हमसून. मी बसूनच राहिले. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"सिस्टर, तुमची गाडी," ती डोळे पुसत म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हटलं.