मंडळाच्या वेबसाइटवरचा आमचा फोन

हे गेल्यावर यांचा मोबाइल माझ्याकडे आला. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून हे परप्रांतातल्या या शहरातल्या मराठी मंडळाचे सचिव होते आणि मंडळाच्या वेबसाइटवर यांचाच नंबर होता. ती साइट सुनेने बनवलेली, जगतपुऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून. तिचं कामच ते. तयार साच्यात मजकूर भरायचा, फोटो लावायचे, शिळं झालेलं काढून टाकायचं. मी चौथी शिकलेली, पण शेजारी भाजी निवडताना बघून बघून तेवढं कळायला लागलं.

बदली होऊन आलेली माणसं फोन करायची. मोदकाची पिठी कुठे मिळेल, बारशाला कोण गुरुजी येतील, आदर्श नगरात घर बघू की गोपालपुऱ्यात. मी सांगायची, "ते आता नाहीत. तुम्हाला काय हवंय ते बोला." बहुतेक बोलायचे. एक गृहस्थ इतके ओशाळले की फोन कशाला केला तेच विसरले. "आठवलं की करा परत," म्हटलं. संध्याकाळी केला. शाडूचा गणपती कुठे मिळतो ते विचारायचं होतं.

मग नव्या सचिवांनी सुनेला सांगितलं, "बेटा, आता नाव आणि नंबर बदल. बरं दिसत नाही." त्यांचं बरोबरच होतं. ती हो म्हणाली आणि रोज साइट उघडून भलतंच करत बसली. हळदीकुंकवाची सूचना लावली, सहलीचे फोटो लावले. सासऱ्यांच्या नावापाशी आली की लॅपटॉप बंद.

"काढ की," मी म्हटलं. "गेलेल्या माणसाला सचिव कशाला ठेवतेस?"

"आई, माझ्याकडून नाही होत. मतलब, पप्पा बाजूला बसून सांगायचे ना, काय काय लिहायचं ते."

"सरक. मी काढते."

तिने बटण दाखवलं. नाव गेलं. राहिला नंबर. तो प्रत्येक पानाच्या तळाशी होता. एका जागी काढला की सगळीकडून जाणार, असं ती म्हणाली. माझा हात थांबला.

"हा जायला नको मला," मी म्हटलं. "हे काही त्या फोनात बसलेले नाहीत, ते कळतं मला. पण दिवसातून एकदा तरी कुणी मला मराठीत काहीतरी विचारतं आणि मला ते सांगता येतं. ते बंद होईल."

ती हसली नाही. तिथूनच सचिवांना स्पीकरवर फोन लावला. "काका, नंबर राहू द्या. नव्याने आलेल्यांशी आई बोलतील."

"वहिनी बोलणार? उत्तम. फक्त देणगीदारांचे फोन माझ्याकडे पाठवा म्हणावं. त्यांच्याशी वहिनी बोलल्या तर पळून जातील."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

सुनेने नंबरापुढे माझं नाव टाकलं. फोटो लावू का विचारलं, मी नको म्हटलं.

"आणि वेळ? दुपारी झोपता ना तुम्ही?"

"झोपते. पण दुपारी चालेल असं लिही."