मामाच्या मांडीवरचं बदक

माझा मामा शाळेत पी.टी. शिकवायचा. पोरांच्या हातावर पेनाने काढलेलं साधं फूल दिसलं, तरी नळाखाली उभं करून वजरीने घासायला लावायचा. तीस वर्षं हेच! म्हणून मशीनने त्याचीच चोरी पकडली तेव्हा हसावं की रडावं, मला कळेना.

पोटरीवरचा तीळ वाढला म्हणून काढला, तर निघाला कॅन्सर. तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलाय का, ते बघायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही लेझरचा प्रकाश सोडतो. हा कॅन्सर काळा असतो, आणि आत काळं काही असलं तर ते प्रकाश पिऊन आवाज करतं. आपल्याला नाही, मशीनला ऐकू येतो." मामी मामाचा हात घट्ट धरून बसली होती.

मशीनला भरपूर ऐकू आलं.

"गाठीत काळं दिसतंय," बाई म्हणाल्या. "आजार पसरला असेल. टॅटूची शाईसुद्धा तिथे जाऊन बसते म्हणा. कधी काढला होता का टॅटू?"

"छे छे!" मामा ओरडला. "काय गाठी काढायच्या त्या काढून टाका!"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शाईपेक्षा कॅन्सर परवडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात मामी रडायलाच लागली. "लहानपणी याच पायावर उकळतं दूध सांडलं होतं हो यांच्या. मांडीवर केवढा डाग आहे! म्हणून एकतीस वर्षांत मी यांना गॅसजवळ फिरकू दिलं नाही. आणि आता त्याच पायाला हे!"

मामाने छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी डोळे वटारले.

"बदक होतं," तो पुटपुटला.

"काय?"

"मांडीवर. पैज हरलो होतो. लग्नाआधी पुसून घेतलं, त्याचाच तो डाग. दूधबिध काही सांडलं नव्हतं."

मामीने त्याचा हात सोडला. बाईंनी पेन उचललं. "अख्खं काळं होतं?"

"टोपीसकट," मामा म्हणाला.

तरी सुईने नमुना घेतलाच. पाच दिवस मामी त्याच्याशी बोलली नाही, पण जेवताना त्याच्या ताटात दोनदोनदा वाढत होती. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. नुसती शाई! मामी दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मीही रडले. मग नाक पुसून ती म्हणाली, "अहो, जगणार आहात ना आता? मग उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं आणि मामाची बोटं भाजली.

"दाखवा," मामी म्हणाली. "खरंच भाजलंय?"

तिने त्याचा हात नळाखाली धरला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.