पापडाच्या धंद्याचे एकोणीस मालक

माह्या पापडाच्या धंद्याले एकोणीस मालक व्हते, अन् लाटलेला पापड एकबी नव्हता.

झालं असं, मलकापूरच्या दुकानदारानं ऑर्डर देल्ली अन् वरतून धाक देल्ला, "शनिवारपर्यंत धंद्याचा कागद आना, नाहीतर ऑर्डर दुसरीले!" पह्यलीच ऑर्डर! मी पोरगी कडेवर घेतली अन् जानेफळहून थेट मेहकर गाठलं. (शाळा सातवीलोक. कागद पाह्यला का नवऱ्याच्या हाती देते.)

कागदं करनारे साहेब म्हने, "एकल मालकी करता, भागीदारी, का कंपनी?"

"एकटीचं केलं तं काय होते जी?"

"नफा तुमचा एकटीचा. तोटाही तुमचा एकटीचा."

नफा मले आयकूच आला नाही! "अन् भागीदारीत?"

"तोटा सगळ्यांत वाटला जातो."

देवच पावला! "मंग भागीदारीच करा!"

"भागीदार कोण कोण?"

आता आमच्याकडं पापड लाटनं म्हंजे सावड. आज माह्या दारी, उद्या तुह्या दारी, ज्या बाया येतीन त्या साऱ्या आपल्या. म्या धडाधड अठराजनींची नावं सांगतली! साहेबाचा पेन मधातच थांबला.

घरी आली तं गाव गोळा! माही सासू, आत्याबाई, म्हने, "माह्यं नाव पह्यलं लिव्हजो!" शेजारची गोदाकाकू फोटोसाठी लग्नातला शालू नेसून आली. नवरा फुगून बसला, "माह्यं नाव काऊन नाही?"

"तुमाले लाटता येते का?"

शुक्रवारी भागीदारीच्या कागदावर साऱ्या सही कराले बसल्या. नवऱ्यानं मुद्दाम मोठ्यानं वाचलं, "एका भागीदारानं धंद्याच्या नावानं शब्द दिला, तर तो सगळ्या भागीदारांना पाळावा लागेल."

आत्याबाई हळूच म्हने, "म्या तं भाचीच्या लग्नाले दोन पोते पापड कबूल केले... मालक म्हून."

"दोन पोते? फुकट?" गोदाकाकू उसळली.

"तुमी काय कबूल केलं ते सांगा पह्यले!"

"माह्या बहिनीले एकच पोतं..."

मंग एकएक जनी बोलाले लागली. अठराजनींनी मिळून सारा तालुका जेवू घातला व्हता! (म्याबी माहेरी, बीबी गावाले, एक डब्बा कबूल केला व्हता, पन मी गप.)

"आपल्याले नाही पाहिजे बाप्पा मालकी!" गोदाकाकू शालू सावरत उठली. पाच मिनिटांत ओसरी खाली!

शनिवारी एकटीच्या नावानं कागद केला. सही करतानी "तोटाबी एकटीचाच ना जी?" असं म्या इतक्या डाव विचारलं, का साहेबानं पानी पाजलं. ऑर्डर वाचली! त्याच अठराजनींनी सावडीनं लाटून देल्ली, अन् जातानी आत्याबाईनं सांगतलं, "कबूल केलेले पापड आता तुलेच द्या लागतीन हो! मालक तूच ना!"

दुसऱ्याच दिवशी भाचीच्या घरून फोन, "पापडाची मालकीन हाये का?"

म्या आवाज बदलून म्हनलं, "मालकीन बाहेरगावी गेली बाई, मी लाटायवाली बोलून राह्यली!"